उघडता न येणारे पाकीट

मागच्या महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तपासणीसाठी आल्या. रक्तदाब बराच चढलेला. औषध तेच, मात्रा तीच. गेली चार वर्षे आटोक्यात असलेला दाब अचानक का वाढावा, याचा उलगडा होईना. मीठ, झोप, घरातील काळज्या, सारे विचारून झाले. शेवटी त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहांपैकी दोनच गोळ्या गेलेल्या होत्या. उरलेल्या घरांवर नखांचे ओरखडे होते आणि एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा. उत्पादकाने वेष्टन बदलले होते. पूर्वीच्या पारदर्शक पट्टीवर अंगठा दाबला की गोळी मागच्या पातळ वर्खातून अलगद बाहेर येई. नवी पट्टी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची आणि चांगलीच ताठ होती. आजींना अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. ‘‘सुनेला रोज हाक मारायची तर ती बिचारी सकाळच्या घाईत. मग म्हटले, एखाद दिवस नाही घेतली तर काय बिघडते?’’ त्या एखाद्या दिवसाचे अठरा दिवस झाले होते.

रक्तदाबाविषयी या स्तंभात वारंवार लिहिले आहे. पाकीट कसे उघडावे, याविषयी मात्र एकदाही लिहिलेले नाही, याची त्या दिवशी खंत वाटली. हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु घरी बोट कापून येणाऱ्या वृद्धांना ‘कशाने कापले?’ असे विचारले, तर भाजी चिरताना कापल्याचे सांगणारे जसे भेटतात, तसेच दाढीच्या पात्यांचे, टॉर्चचे किंवा टूथब्रशचे कडक प्लास्टिक फोडताना कापल्याचे सांगणारेही भेटतात. आणि हे सांगताना बहुतेकांना संकोच वाटतो. ब्रशच्या पाकिटाने आपल्याला हरवले, असे कबूल करायला कोणाला आवडेल?

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की दोष हातांचा नाही. शिंपल्याच्या दोन पाळ्यांसारखे, पारदर्शक आणि चारही कडांनी जोडलेले ते खोके मुळातच सहज उघडू नये म्हणून बनवलेले असते. दुकानात वस्तू सर्व बाजूंनी दिसावी, वाहतुकीत दबू नये आणि कोणी आतील वस्तू काढून रिकामे खोके मांडणीवर ठेवून जाऊ नये, हे त्याचे हेतू. पेट किंवा पीव्हीसी जातीचे प्लास्टिक तापवून साच्यावर बसवतात आणि कडा उष्णतेने एकजीव करतात. त्या कडेपाशी प्लास्टिकचे दोन थर मिळून एक झालेले असतात, म्हणून नेमकी तीच जागा सर्वांत चिवट असते. आणि आपण नखांनी झगडतो तेही नेमके तिथेच. ग्राहकांच्या या वैतागाची दखल उद्योगांनीही घेतली आहे. ॲमेझॉनने २००८ साली सहज उघडणाऱ्या वेष्टनांची वेगळी योजना सुरू केली, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने वेष्टन उघडण्याच्या सुलभतेसाठी २०१५ साली आयएसओ १७४८० हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हा विचार पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर कात्री आपलीच.

वय वाढते तशी हाताची पकड ढिली होते. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट, जिच्यावर पाकीट फाडण्याचा सारा भार असतो, ती अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर अवलंबून आहे, आणि उतारवयात झिजणाऱ्या सांध्यांत तो अग्रभागी असतो. त्वचा पातळ होते. तरुणपणी जिथे नुसता ओरखडा उठला असता तिथे आता साल निघते. मधुमेह जुना असेल तर बोटांची संवेदना बोथट झालेली असते आणि कापल्याचे रक्त दिसल्यावरच कळते. मोतीबिंदू असेल तर पारदर्शक प्लास्टिकची कड डोळ्यांना सापडतच नाही. शिवाय हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर छोटी जखमही बराच वेळ वाहते.

यावर बहुतेक घरांत जो उपाय होतो, तो म्हणजे स्वयंपाकघरातील टोकदार सुरी. डाव्या हातात पाकीट धरायचे, उजव्या हाताने सुरीचे टोक त्यात खुपसायचे आणि जोर लावायचा. प्लास्टिक आधी दाद देत नाही, मग एकदम देते. सगळा जोर मोकळा होतो आणि सुरी थेट डाव्या तळव्यात किंवा अंगठा आणि तर्जनीमधील खोबणीत शिरते. बोटे वाकवणारे स्नायूबंध आणि बोटांना संवेदना देणाऱ्या नसा याच भागातून, त्वचेखाली फारशा खोल नसलेल्या, जातात. जखम दिसायला अर्ध्या इंचाची असते, पण बोट वाकेनासे होते. म्हणून पाकिटासाठी टोकदार सुरी नको, हे मी जरा ठासून सांगतो. दाढीचे सुटे पाते तर मुळीच नको. आणि दात? कवळी असो वा स्वतःचे दात, ते जेवणासाठी राखावेत. संजीवनी क्षारांची पुडी दातांनी फाडताना कवळीचा तुकडा उडाल्याचे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे.

मग योग्य साधन कोणते? माझे मत विचाराल तर वृद्धांच्या घरात सर्वांत उपयोगी ठरते ती शल्यसाहित्याच्या दुकानात मिळणारी बँडेज कापायची कात्री. तिचे एक पाते खालून बोथट आणि गोलसर असते. रुग्णाच्या कातडीला इजा न होता पट्टीखालून ती सरकवता यावी म्हणून तशी रचना केलेली असते, आणि हीच रचना पाकिटातील वस्तू आणि आपली बोटे दोन्ही सांभाळते. त्यातही रुग्णवाहिकेतील कर्मचारी वापरतात ती, प्लास्टिकच्या मोठ्या मुठीची आणि बारीक दात्यांच्या पात्याची कात्री घ्यावी. जाड कपडा आणि पट्टा कापण्यासाठी ती बनवलेली असते. गुळगुळीत प्लास्टिकवरून साधी कात्री घसरते, तशी ही दात्यांमुळे घसरत नाही. मूठ मोठी असल्याने तीन-चार बोटे आत मावतात आणि भार एकट्या अंगठ्यावर पडत नाही.

संधिवात अधिक असेल तर स्प्रिंगची कात्री पाहावी. साध्या कात्रीत दाबण्याइतकेच श्रम ती पुन्हा उघडण्यात जातात, आणि दुखऱ्या अंगठ्याला हे उघडणेच अधिक जाचते. स्प्रिंगची कात्री आपोआप उघडते. हाताला फक्त मिटण्याचे काम राहते. बागेतील छाटणीची कात्री याच तत्त्वावर चालते आणि जाड प्लास्टिक, नायलॉनच्या बंदपट्ट्या वगैरे सहज कापते. ती पाकिटांसाठी वेगळी ठेवावी, मातीची आणि स्वयंपाकघरातील एकच नसावी. डावखुऱ्या माणसांनी डावखुऱ्यांचीच कात्री घ्यावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकींपासून दूर ढकलली जातात आणि प्लास्टिक कापले न जाता त्यांच्यामध्ये दुमडते. आयुष्यभर ‘माझ्याकडून कात्री नीट चालत नाही’ असे मानणाऱ्या कितीतरी डावखुऱ्यांची खरी अडचण एवढीच असते.

आपल्या जुन्या घरांतील साधनांकडेही या निमित्ताने पाहावे. अडकित्ता हे तरफेचे सुरेख उदाहरण आहे. बिजागर एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये, बिजागराजवळ. म्हणून थोड्या बळात कठीण सुपारी फुटते. कात्रीतही हेच करायचे असते. आपण टोकाने कापू पाहतो, तिथे बळ सर्वांत कमी मिळते. प्लास्टिक पात्यांच्या मुळाशी, खिळ्याजवळ सरकवून कापले तर निम्म्याहून कमी जोर लागतो. विळीबद्दल मात्र सावध राहावे. ज्यांचा हात विळीवर साठ वर्षे बसला आहे, त्या दुधाची पिशवी तिच्यावर टेकवून एका झटक्यात कोपरा उडवतात, हे मला ठाऊक आहे. पण कडक खोक्याला विळीवर दाबू नये. तिथे दोन्ही हात पात्याकडे जातात, आणि घसरल्यावर मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. खुर्चीवर बसावे, पाकीट टेबलावर ठेवावे. मांडीवर किंवा हवेत धरून कापू नये. खाली ओलसर करून पिळलेला पंचा किंवा रबरी चटई अंथरली की पाकीट सरकत नाही. उजेड भरपूर असावा आणि चष्मा डोळ्यांवर असावा, कपाळावर नव्हे. हात कोरडे असावेत. भांडी घासायचा रबरी हातमोजा पाकीट धरणाऱ्या हातात घातला तर पकडही येते आणि कडांपासून बचावही होतो. आधी पाकीट उलटून पाहावे. पुष्कळदा मागच्या पुठ्ठ्यावर फाडण्यासाठी टिंबांची रेघ असते, ती आपल्याला दिसलेलीच नसते. नसेल तर जोडलेल्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आतून, जिथे प्लास्टिक एकेरी आहे तिथून, कात्री चालवावी. धरणारा हात नेहमी कात्रीच्या मागे असावा, तिच्या वाटेवर कधीच नसावा.

यात एक चूक हमखास होते, आणि ती सुरीइतकीच घातक आहे. एक बाजू कापली की धीर सुटतो आणि आपण त्या फटीत बोटे घालून दोन पाळ्या ओढून वेगळ्या करू पाहतो. ताज्या कापलेल्या कडक प्लास्टिकची कड पात्यासारखी असते. बोटांच्या पेरांवरचे खोल काप बऱ्याचदा हत्याराने झालेले नसतात, या कडेने झालेले असतात. म्हणून तीन बाजू पूर्ण कापाव्यात आणि झाकण वहीच्या पुठ्ठ्यासारखे मागे उलटावे. ओढाताण करावी लागत असेल तर कापणे अपुरे आहे, असे समजावे.

मऊ पिशव्यांची गोष्ट निराळी. चिवड्याच्या किंवा शाम्पूच्या पुडीच्या कडेला जी छोटी खाच असते, तिथूनच फाडावे. त्या प्लास्टिकला एकदा चीर मिळाली की ते सरळ फाटत जाते, चीर नसेल तर ताणले जाते आणि फाटत नाही. खाच सापडत नसेल तर कात्रीने आपणच करावी. तेलाची एक लिटरची पिशवी आधी पसरट पातेल्यात उभी करावी आणि मगच कापावी. हातात घट्ट धरून कापली की ती दाबली जाऊन तेल उसळते आणि फरशीवर सांडते. या वयात बोट कापण्यापेक्षा तेलावर पाय घसरणे कितीतरी वाईट. खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नये, पिशवीला लटकता ठेवावा. सुटा तुकडा दुधात पडतो आणि चहातून घशात जातो.

पुन्हा गोळ्यांकडे येऊ, कारण कात्रीचा सर्वांत धोकादायक उपयोग तिथे होतो. पट्टीतील एकेक गोळी तिच्या घरासकट चौकोनी कापून डबीत टाकायची सवय अनेक घरांत आहे. सकाळची एक, रात्रीची एक, असे वाटून ठेवणे सोयीचे वाटते. परंतु असा तुकडा अंधारात, चष्म्याविना, घाईत वेष्टनासकट गिळला जाऊ शकतो, आणि वृद्धांत हे घडते. त्याचे चार टोकदार कोपरे अन्ननलिकेत रुततात, क्वचित आतड्यालाही भोक पाडतात. प्लास्टिकचा तुकडा क्ष-किरणांत सहसा दिसत नाही, आणि रुग्णाला आपण काय गिळले हे आठवत नाही, त्यामुळे निदानालाही उशीर होतो. जपानमध्ये अशा घटनांमुळे १९९६ पासून पट्ट्यांवरील तोडरेषा एकाच दिशेने ठेवण्यात आल्या, म्हणजे सुटी एकच गोळी तोडता येऊ नये. आपण हा नियम घरात पाळावा. पट्टी कापू नये. कापावीच लागली तर दोन-दोन गोळ्यांच्या जोडीने कापावी आणि कोपरे गोल करावेत. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक पट्टीच्या ज्या टोकाला छापला असेल ते टोक शेवटपर्यंत राखून विरुद्ध बाजूने गोळ्या काढत जाव्यात.

ताठ पट्टीतून गोळी काढण्यासाठी अंगठ्याऐवजी चमच्याचा दांडा वापरावा. पट्टी वर्खाची बाजू खाली करून छोट्या वाटीच्या काठावर धरावी आणि फुगीर घरावर दांड्याच्या गोल टोकाने दाबावे. गोळी वाटीत पडते, जमिनीवर घरंगळत नाही. या कामासाठी प्लास्टिकचे छोटे साधनही बाजारात मिळते. दोन्ही बाजूंनी मऊ वर्ख चिकटवलेली पट्टी दाबून फुटत नाही, ती फाडावीच लागते. तिथे दोन घरांच्या मधील सपाट जागेत कात्रीने छोटी चीर द्यावी. चुकून गोळी चिरली गेली आणि ती हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल, तर ती घेऊ नये. तिच्यातील औषध एकदम रक्तात उतरू शकते.

‘महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदाच काढून बरणीत भरून ठेवू का?’ असे आजींच्या मुलाने विचारले. नको. ॲल्युमिनियमची जाड पट्टी बहुधा दमटपणा सोसत नाही अशा औषधांसाठीच वापरतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पापडसुद्धा दोन दिवसांत मऊ पडतो, तिथे उघड्या गोळीचे काय होईल? वारांच्या घरांच्या डबीत एका आठवड्यापुरत्या गोळ्या काढाव्यात, आणि कोणत्या गोळ्या तशा काढून ठेवलेल्या चालत नाहीत हे औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांच्याकडे असते, त्यांनी तिची पट्टी आपल्याला एकट्याला, कमी उजेडात उघडता येते का, हे बरे वाटत असतानाच करून पाहावे. ती वेळ रात्री दोनची असते आणि घाम फुटलेल्या हातांची असते. उघडत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. तेच औषध दुसऱ्या वेष्टनात मिळू शकते.

परदेशातून मुलांनी आणलेल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्यांचे झाकण अनेकांना फिरता फिरत नाही, नुसते टकटक वाजत राहते. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर अशी झाकणे आली, आणि १९९५ च्या नियमाने ती ५० ते ७० वर्षांच्या प्रौढांकडून उघडून घेऊन पारखण्याची अट घातली गेली. बाटली टेबलावर ठेवावी, तळहाताच्या मनगटाकडील भागाने झाकण खाली दाबावे आणि दाब न सोडता फिरवावे. तिकडे मुलांकडे राहणाऱ्या वाचकांनी औषधाच्या दुकानात साध्या झाकणाची बाटली मागितली तर मिळते. मात्र घरात नातवंडे असतील तर ती उंचावर ठेवावी. श्रवणयंत्राच्या बटणासारख्या सेलची पाकिटेही हल्ली मुद्दाम चिवट करतात. सेल काढला की लगेच यंत्रात घालावा, गोळ्यांच्या डबीजवळ ठेवू नये. तो गोळीसारखाच दिसतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच तिथे गंभीर भाजू लागते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.

इतके करूनही कापलेच, तर वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापडाने घट्ट दाबावी आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरून सलग दहा मिनिटे थांबावे. मधूनच उचलून पाहू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटे लागतील. ते औषध मनाने बंद करू नये. अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी. हळद, कॉफीची पूड, कुंकू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, बोटाचे टोक बधिर वाटत असेल किंवा पेर वाकत नसेल, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी शल्यविशारदांना दाखवावे. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ती घ्यावी. जखम मळकट असेल तर पाच वर्षांनंतरही घ्यावी लागते.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. वडीलधाऱ्यांच्या हातातून पाकीट ओढून ‘द्या इकडे’ म्हणू नये. ज्या हातांनी आपल्याला भरवले त्या हातांना ते फार लागते, आणि पुढच्या वेळी ते मागत नाहीत. आजींसारखे गप्प बसतात. त्याऐवजी बाजारहाट घरी आली की दहा मिनिटे काढून नवी कडक पाकिटे त्यांच्यासमोरच कापून ठेवावीत आणि ठरलेली कात्री ठरलेल्या जागी, दोरीने अडकवून ठेवावी. ती जागा बदलू नये. तिच्याने दुसरे काही कापू नये; धार गेली की जोर वाढतो, आणि जोर वाढला की हात सटकतो. चिकटपट्टीचा डिंक पात्यांवर साठला तर खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून काढावा, आणि सहा महिन्यांनी धारवाल्याकडून धार लावून घ्यावी. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर मात्र कात्री कुलपात ठेवावी.

आजींसाठी आम्ही जुन्या प्रकारच्या पट्टीतील तेच औषध शोधले. ते मिळेपर्यंत आठवडाभर त्यांनी चमच्याच्या दांड्याने काम चालवले. परवा त्या पुन्हा आल्या. दाब उतरला होता. निघताना त्यांनी विचारले, ‘‘त्या कापलेल्या प्लास्टिकचे काय करायचे? आमची कचरा नेणारी बाई उघड्या हाताने वेचते हो.’’ मला हे सुचले नव्हते. कडक प्लास्टिकचे तुकडे धारदार कडा आत राहतील असे एकात एक बसवावेत, वर्तमानपत्रात गुंडाळावेत, दोरा बांधावा आणि मगच सुक्या कचऱ्यात द्यावेत.